आरोग्यसेवेतील सुधारणा आणि परिसरातील औषध दुकान : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्यात सुधारणा घडवून आणणे हे राज्यसंस्थेचे प्राथमिक कर्तव्य मानले गेले आहे. या कर्तव्याच्या पूर्तीसाठी १९८३, २००२ आणि २०१७ अशी तीन राष्ट्रीय आरोग्य धोरणे जाहीर झाली. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि २०१८ मध्ये 'आयुष्मान भारत' योजना आली. या सर्व प्रयत्नांचे मूल्यमापन करणारे लेखन मराठीतही पुष्कळ झाले आहे. मात्र त्यात रुग्णालये, खाटा, डॉक्टरांची रिक्त पदे आणि विम्याची कार्डे यांची जेवढी मोजदाद आढळते, तेवढी दखल गल्लीच्या कोपऱ्यावरील औषध दुकानाची घेतलेली दिसत नाही. बोलीभाषेत ज्याला सरळ 'मेडिकल' म्हटले जाते, ते दुकान आरोग्यव्यवस्थेचा भाग आहे की केवळ किरकोळ व्यापाराचा, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी सोडवलेला नाही. अभ्यासकांनीही तो फारसा विचारलेला नाही.

प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्याचा संदर्भ घेऊन या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. नाशिकची निवड सोयीची नव्हे, सकारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात महानगर, औद्योगिक वसाहती, द्राक्ष-कांद्याचा बागायती पट्टा आणि पेठ-सुरगाण्याचा आदिवासी डोंगराळ भाग एकत्र नांदतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे. गोळे कॉलनीसारखी औषधांची घाऊक बाजारपेठही येथेच आहे. एकाच शासकीय निर्णयाचे निरनिराळे परिणाम एकाच जिल्ह्याच्या हद्दीत येथे पाहता येतात.

ग्राहक कोण : राज्यसंस्था की रुग्ण?

विषयाची मांडणी करण्यापूर्वी एका परदेशी उदाहरणाकडे वळणे उपयुक्त ठरेल. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तेथील औषध दुकाने खाजगी मालकीचीच राहिली, पण त्यांच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग सरकारशी झालेल्या करारातून येऊ लागला. म्हणून तेथे आरोग्यसेवेत कोणतीही सुधारणा झाली की तिचा पहिला धक्का दुकानाच्या गल्ल्याला बसतो. डिसेंबर २०१६ पासून इंग्लंडमधील दुकानांच्या निधीत कपात झाली आणि पुढील वर्षांत अनेक दुकाने बंद पडली. उलटपक्षी, ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी यांसारख्या सात सामान्य तक्रारींवर औषधनिर्मात्याने स्वतः तपासून औषध द्यावे व त्याबद्दल सरकारने त्याला शुल्क द्यावे, अशी योजना तेथे सुरू झाली. कपात असो वा नवे काम, सरकार आणि दुकानदार समोरासमोर बसून बोलतात, कारण दोघांमध्ये करार आहे.

योगायोग असा की ज्या वर्षी ब्रिटनची सेवा सुरू झाली, त्याच १९४८ मध्ये भारतात औषधशास्त्र अधिनियम संमत झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे, असा दंडक या कायद्याने घातला. दुकानाचा परवाना मात्र १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखाली मिळतो. म्हणजे माणसाची पात्रता एका कायद्याने ठरते आणि दुकानाची दुसऱ्याने. दोहोंपैकी एकाही कायद्याने या दुकानाशी सार्वजनिक आरोग्यसेवेचे नाते जोडले नाही. परिणामी आपल्याकडे सरकार हे सामान्य दुकानदाराचे गिऱ्हाईक कधी झालेच नाही. त्याचा गिऱ्हाईक रुग्ण राहिला, आणि तोही स्वतःच्या खिशातून रोख पैसे मोजणारा.

हे खिशाचे प्रमाण लहान नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट लक्षणीय आहे. परंतु हा खर्च कशावर होतो हे पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१४ मधील ७१ व्या फेरीत, रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांवरील वैद्यकीय खर्चापैकी ग्रामीण भागात सुमारे ७२ टक्के आणि शहरी भागात सुमारे ६८ टक्के खर्च केवळ औषधांवर झाल्याचे आढळले होते. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने आरोग्यावरील खर्च म्हणजे प्रामुख्याने मेडिकलचे बिल होय. हे बिल कमी करणे हा कोणत्याही सुधारणेचा न्याय्य हेतू आहे, याबद्दल दुमत नसावे. वादाचा मुद्दा एवढाच की ते कमी करताना दुकानाचे काय करावयाचे, याचा विचार धोरणात आहे किंवा नाही.

विमा, पॅकेज आणि घाऊक बाजार

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्यात येऊन प्रतिकुटुंब संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आले व उपचारांची संख्या १,३५६ झाली. या योजनेचा गाभा आंतररुग्ण सेवा हा आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, मुलाच्या तापाचे औषध, मधुमेहाची तपासणी या गोष्टी तिच्या बाहेर आहेत.

वरवर पाहता यामुळे औषध दुकानावर काहीच परिणाम होऊ नये, कारण दुकान बाह्यरुग्णांवर चालते आणि विमा आंतररुग्णांचा आहे. प्रत्यक्षात परिणाम होतो. पूर्वी शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाचा नातेवाईक हातात लांबलचक यादी घेऊन जवळच्या दुकानात जात असे. पॅकेज पद्धतीत औषधांचा खर्च रुग्णालयाला मिळणाऱ्या ठोक रकमेत समाविष्ट असतो. रुग्णालयाला औषध जेवढे स्वस्त पडेल, तेवढी शिल्लक अधिक. साहजिकच ते थेट घाऊक विक्रेत्याकडून खरेदी करते. नाशिकच्या भाषेत सांगावयाचे तर माल गोळे कॉलनीतून निघतो आणि मधल्या दुकानाला न शिवता रुग्णालयाच्या आतील दुकानात पोहोचतो. यात रुग्णाचे नुकसान नाही, त्याला पैसे द्यावे लागत नाहीत. पण विमा योजनेची व्याप्ती वाढत जाईल तसतसे मोठ्या रुग्णालयाच्या पोटातील दुकान बळकट आणि रस्त्यावरील स्वतंत्र दुकान दुर्बळ होत जाईल, ही या योजनेची न बोललेली बाजू आहे.

विम्याबाहेरील रुग्णाचा प्रश्न याहून कठीण आहे. रुग्णालयाच्या आतील दुकानातूनच औषध घेण्याची सक्ती होते, या तक्रारीवरील याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. ४ मार्च २०२५ च्या निकालात न्यायालयाने स्वतः सक्तीचे निर्देश न देता हा विषय राज्य सरकारांच्या धोरणावर सोपवला. जिथे पर्याय असलेले परिसरातील दुकानच उरणार नाही, तिथे सक्ती नसण्याला फारसा अर्थ राहत नाही, हा विचार त्या चर्चेत गौण ठरला.

मोफत उपचार आणि बाहेरची चिठ्ठी

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार व तपासण्या निःशुल्क करण्यात आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या संस्थांसोबत नाशिक व अमरावती येथील संदर्भ सेवा रुग्णालयांचाही त्यात समावेश होता. महानगरपालिकांची रुग्णालये या निर्णयाच्या कक्षेत नव्हती. त्यामुळे नाशिक शहरात एकाच रस्त्याच्या अंतरावर दोन प्रकारची सरकारी रुग्णालये आहेत आणि त्यांचे नियम भिन्न आहेत. सामान्य रुग्णाला हा विभागीय भेद समजणे अवघड आहे. त्याच्या लेखी सगळी 'सरकारीच'.

त्यापूर्वी १ मे २०२३ रोजी राज्यभर 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' ही योजना सुरू झाली. दुपारी २ ते रात्री १० ही त्याची वेळ कामगारांच्या सोयीची आहे. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत मेडिकलचा धंदा नेमका याच वेळेत होतो. वेळ निवडताना शासनाच्या मनात दुकानदार नव्हता हे उघड आहे, आणि नसावाही. तरीही त्या वेळेत मोफत डॉक्टर आणि मोफत गोळी उपलब्ध झाली तर संध्याकाळच्या गिऱ्हाइकीचे काय होईल, हे कळण्यासाठी अर्थशास्त्राची गरज नाही.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. मोफत उपचारांची घोषणा आणि औषधांची उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध साठ्यात असेल तर रुग्ण ते आतून घेतो आणि समोरचे दुकान रिकामे राहते. साठ्यात नसेल तर 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी मिळते आणि समोरच्या दुकानात रांग लागते. म्हणजे सरकारी रुग्णालयासमोरील औषध दुकानांचा व्यवसाय हा सरकारी पुरवठ्याच्या अपयशाचा उलटा निर्देशांक झाला आहे. या दुकानांची दैनंदिन बिले कोणी अभ्यासली, तर कोणत्या महिन्यात कोणते औषध सरकारी भांडारात नव्हते, हे शासकीय अहवालापेक्षा अधिक अचूक कळेल. असा अभ्यास वाणिज्य, अर्थशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र या तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना मिळून करता येण्याजोगा आहे.

पुरवठ्याचे अपयश हे नशिबाचे नसून रचनेचे आहे. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून खरेदी, गोदाम आणि वितरण यांची एकसंध व्यवस्था उभी केली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना राबवली. महाराष्ट्राने मात्र २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे दिले. मूलतः लस व औषधनिर्मितीसाठी असलेल्या या संस्थेवर राज्याच्या खरेदीचा भार टाकण्यात आला. विलंबाच्या तक्रारी वाढल्यानंतर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीवर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचे मृत्यू झाले. औषधटंचाईचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सहा वर्षांत खरेदीची यंत्रणा दोनदा बदलते, पण टंचाईच्या वेळी औषध कोठून व कोणत्या दराने मिळावे याचा स्थानिक पर्याय एकदाही आखला जात नाही, ही बाब धोरणदृष्ट्या गंभीर आहे.

जनऔषधी आणि अदलाबदलीचा अधिकार

जनऔषधी मोहिमेची सुरुवात नोव्हेंबर २००८ मध्ये झाली. आरंभीची वर्षे निरुत्साहाची होती. २०१४ मध्ये देशभरात जेमतेम ८० केंद्रे चालू होती. नंतर योजनेला वेग आला. १० हजारावे केंद्र ३० नोव्हेंबर २०२३ रोजी देवघर येथे सुरू झाले. औषधाची किंमत त्या गटातील पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक असू नये, हे या योजनेचे सूत्र आहे. केंद्रचालकाला २० टक्के नफा आणि त्याशिवाय प्रोत्साहन रक्कम मिळते.

रुग्णाच्या दृष्टीने हा निःसंशय लाभ आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाचा महिन्याचा खर्च त्यामुळे पुष्कळ खाली येतो. परंतु या योजनेने दुकानांचे दोन वर्ग निर्माण केले. एक सरकारी पाठबळ, प्रोत्साहन रक्कम आणि जाहिरात लाभलेला, दुसरा तेच औषधशास्त्र शिकलेला, त्याच कायद्याला बांधलेला, पण स्वस्त औषध देण्याची मुभा नसलेला. ही मुभा नसणे हा शब्दशः अर्थाने घ्यावयाचा आहे. औषध नियमावलीतील नियम ६५ (११अ) नुसार अनुसूची एच मधील औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या ब्रँडऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरे औषध देता येत नाही. डॉक्टरने महागडा ब्रँड लिहिला आणि दुकानदाराच्या मांडणीत तेच रसायन एक चतुर्थांश किमतीत उपलब्ध असले, तरी कायद्याने तो ते देऊ शकत नाही.

हा पेच सोडवण्याचा प्रयत्न डॉक्टरांच्या बाजूने झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी जेनेरिक नावानेच औषधे लिहिण्याचा नियम काढला आणि डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधानंतर २३ ऑगस्ट रोजी तो स्थगित केला. नियमाचे आयुष्य तीन आठवडे. औषधनिर्मात्याच्या बाजूने मात्र असा प्रयत्न तेवढाही झाला नाही. स्वस्त औषधाचा पुरस्कार करणारे शासन अदलाबदलीचा अधिकार देत नाही, त्याऐवजी समांतर दुकान उघडते. हा मार्ग सोपा आहे, कारण त्यात डॉक्टर आणि कंपन्या या दोन्ही बलवान घटकांशी संघर्ष टळतो. झीज सोसावी लागते ती सर्वांत दुर्बल घटकाला.

दुकानदारांचीही बाजू निष्कलंक नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. ब्रँड असलेले जेनेरिक औषध अल्प दरात विकत घेऊन छापील कमाल किमतीला विकण्याची प्रथा सर्वश्रुत आहे. औषधनिर्मात्याचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि तो स्वतः दुसऱ्या गावी, हा प्रकार महाराष्ट्रात इतका रुळला होता की महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी औषधनिर्मात्याची उपस्थिती आणि बिल यांचा आग्रह धरला, तेव्हा २०१२-१३ च्या सुमारास राज्यातील विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवण्याची आंदोलने केली. कायद्यातील मूलभूत अट पाळावयास लावणे हाच ज्या व्यवसायाला अन्याय वाटला, त्याने स्वतःला आरोग्यसेवक म्हणवून घेण्याचा दावा त्या काळात पुष्कळ कमकुवत केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानेही औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेच्या 'ना हरकत' पद्धतीला स्पर्धाविरोधी ठरवून दंड केला. सर्दी-तापाला चिठ्ठीविना प्रतिजैविकाच्या चार गोळ्या कापून देण्याची सवय तर आजही गेलेली नाही. तिची किंमत समाज औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या रूपाने मोजतो.

डोंगराळ तालुक्यांचे वेगळे वास्तव

आतापर्यंतचे विवेचन शहर व बागायती पट्ट्याला लागू पडते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि कळवणच्या पश्चिम भागात चित्र निराळे आहे. तेथे औषध दुकान तालुक्याच्या गावी किंवा बाजाराच्या मोठ्या गावी असते. पाड्यावरील माणसासाठी तिथपर्यंतचे भाडे औषधाच्या किमतीहून जड होते. अशा ठिकाणी आशा कार्यकर्तीच्या पेटीतील गोळ्या, उपकेंद्रातील परिचारिका आणि स्वतःच औषध देणारा खाजगी डॉक्टर हीच औषधव्यवस्था असते. डॉक्टरने आपल्या रुग्णाला स्वतः औषध देण्यास औषध नियमावलीच्या अनुसूची के मध्ये सूट आहे आणि ग्रामीण भागात ती सूट हाच नियम झाला आहे.

या भागात राष्ट्रीय आरोग्य अभियानाने काहीतरी हिरावून घेतले असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. जिथे काही नव्हते तिथे उपकेंद्रात रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या पोहोचू लागल्या. 'आयुष्मान भारत' अंतर्गत २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर झाले. परिसरातील औषध दुकानाची कैवारी भूमिका घेताना हे वास्तव विसरता येत नाही. दुकान बाजारपेठेच्या मागे जाते, रोगाच्या मागे जात नाही.

मात्र उपकेंद्राच्या पातळीवर औषधे हाताळणारे कोण, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद असते, उपकेंद्रात नसते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात मध्यम स्तरावरील आरोग्यसेवा देणाऱ्यांसाठी जोडअभ्यासक्रम सुचवताना आयुष डॉक्टर व परिचारिका यांच्यासोबत औषधनिर्मात्यांचाही उल्लेख होता. प्रत्यक्ष अंमलबजावणीत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचारिका आणि आयुर्वेद पदवीधर यांनाच वाव मिळाला. औषधनिर्माता कागदावरच राहिला.

नाशिकमधील शैक्षणिक विरोधाभास

ही उपेक्षा शैक्षणिक रचनेतही दिसते आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण नाशिकमध्येच आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार हे सर्व अभ्यासक्रम त्याच्या छत्राखाली आहेत. औषधनिर्माणशास्त्र नाही. नाशिकमधील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असते आणि पदविका राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीच्या पंक्तीला बसलेल्या या विद्याशाखेचा विद्यार्थी रुग्णालयात डॉक्टर किंवा परिचारिकेसोबत शिकत नाही. त्याची मानसिक घडण कारखान्याकडे तोंड करून होते, आणि शेवटी मोठ्या संख्येने विद्यार्थी दुकानाच्या काउंटरमागे उभे राहतात.

याच विद्यापीठामार्फत होमिओपॅथी डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला जातो. २०१४ मधील कायदादुरुस्तीने तो पूर्ण करणाऱ्यांना आधुनिक औषधे लिहिण्याची वाट मोकळी करण्याचा प्रयत्न झाला आणि २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून डॉक्टरांच्या संघटनांनी पुन्हा आंदोलन छेडले. त्या वादाची योग्यायोग्यता हा येथील विषय नाही. पण एक वर्ष औषधशास्त्र शिकलेल्याला चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार द्यावा की नाही यावर राज्यात दशकभर खल होतो, आणि चार वर्षे औषधशास्त्र शिकलेल्याला त्याच घटकाचा दुसरा ब्रँड देण्याचा अधिकार असावा की नाही हा प्रश्न कोणी विधिमंडळात उपस्थितही करत नाही, हा विरोधाभास अध्यापकवर्गाने तरी लक्षात घ्यावयास हवा.

२०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनी रुग्णसमुपदेशन हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरवले. उद्देश स्तुत्य आहे. पण या समुपदेशनाचे शुल्क कोण देणार, याबद्दल विनियम मौन बाळगतात. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला आहे. त्याचे उत्पन्न औषधाच्या किमतीशी बांधलेले आहे, सल्ल्याशी नाही. औषध जितके स्वस्त, तितकी त्याची मिळकत कमी. रुग्णाला स्वस्त पर्याय सांगणाऱ्याने स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडावे, अशी ही अपेक्षा आहे.

राज्यसंस्थेला दुकान केव्हा आठवते?

शासनाला औषध दुकानाची आठवण होते ती बहुधा नियंत्रणाच्या प्रसंगी. क्षयरोगाचे उदाहरण घेता येईल. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-वन अमलात आली आणि क्षयरोगविरोधी औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषध दुकानांनाही क्षयरुग्णांची माहिती कळवणे सक्तीचे केले आणि न कळवल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ व २७० खाली कारवाईची तरतूद केली. क्षयरोगाचे औषध सरकार मोफत देते हे योग्यच आहे. परंतु रुग्ण खोकल्याचे औषध घेण्यासाठी प्रथम दुकानातच येतो. त्याला तपासणीसाठी पाठवणारा पहिला माणूस दुकानदार असू शकतो, हे शासनाने मान्य केले, ते शिक्षेच्या भाषेत.

करोनाकाळाने हे नाते आणखी उघडे पाडले. टाळेबंदीत औषध दुकाने अत्यावश्यक सेवा म्हणून उघडी राहिली आणि संसर्गाचा धोका पत्करून विक्रेते काउंटरवर उभे राहिले. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरची टंचाई झाली, काळ्या बाजाराच्या बातम्या येऊ लागल्या, आणि राज्यात बहुतेक ठिकाणी या औषधाचा पुरवठा जिल्हा प्रशासनामार्फत थेट कोविड रुग्णालयांना होऊ लागला. त्या परिस्थितीत हा निर्णय अपरिहार्य असेल. तरी त्यामागील गृहीतक स्पष्ट होते. संकट सौम्य असताना दुकान ही सेवा आणि गंभीर होताच ते संशयित.

२६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने घरपोच औषध देण्यास सवलत मिळाली. ती शेजारच्या दुकानासाठी होती. तिचा आधार घेऊन ऑनलाइन कंपन्यांनी व्यवसाय विस्तारला, असे विक्रेत्यांच्या संघटनेचे म्हणणे आहे. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याविरुद्ध २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशव्यापी बंद झाला, डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बेकायदा ऑनलाइन विक्रीला मनाई केली, आणि मसुद्याचे अंतिम नियमांत रूपांतर वर्षानुवर्षे रखडले. नाशिकच्या इंदिरानगर किंवा गंगापूर रोडवरील मध्यमवर्गीय ग्राहकाने नियमांची वाट पाहिली नाही.

उपलब्ध असलेला, पण न वापरलेला मार्ग

भारतात सरकार आणि खाजगी औषध दुकान यांच्यातील कराराचे प्रारूप अज्ञात आहे, असे मुळीच नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत दवाखान्यात नसलेले औषध 'अधिकृत स्थानिक औषधविक्रेत्या'कडून ठरलेल्या सवलतीत घेतले जाते. २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेतही अशीच सोय आहे आणि देवळालीसारख्या लष्करी परिसरामुळे नाशिककरांना ती अपरिचित नाही. म्हणजे आपल्या कर्मचाऱ्यासाठी आणि सैनिकासाठी राज्यसंस्थेला शेजारच्या दुकानाशी करार करता येतो. सुरगाण्याहून आलेल्या शेतमजुराला संदर्भ रुग्णालयात औषध मिळाले नाही, तर त्याच्या हाती कोरी चिठ्ठी दिली जाते.

या प्रारूपाचे दोष आहेत. सरकारी देयके वेळेवर न मिळाल्यास लहान दुकानदार टिकणार नाही, कारण घाऊक विक्रेता त्याला काही आठवड्यांपलीकडे उधार देत नाही. अधिकृत विक्रेता निवडताना स्थानिक हितसंबंध आड येतील. खोट्या चिठ्ठ्यांचा धोका आहेच. तरीसुद्धा प्रत्येक 'बाहेरच्या चिठ्ठी'ची नोंद ठेवणे, ती ठरावीक दरात जवळच्या दुकानातून पुरी करणे, आणि औषधाच्या किमतीशी न बांधलेले प्रतिचिठ्ठी शुल्क औषधनिर्मात्याला देणे, या तीन गोष्टी जिल्हा पातळीवर प्रयोग म्हणून करून पाहण्यात अडचण दिसत नाही. अशा प्रयोगासाठी लागणारे सर्व घटक, म्हणजे संदर्भ रुग्णालय, घाऊक बाजार, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिकमध्ये काही किलोमीटरच्या परिघात आहेत. शुल्काची मागणी करताना विक्रेत्यांच्या संघटनेला काउंटरमागे नोंदणीकृत औषधनिर्माता पूर्णवेळ उभा करण्याची हमी आधी द्यावी लागेल, आणि शासनाला नियम ६५ (११अ) मध्ये किमान सरकारी रुग्णालयांच्या चिठ्ठ्यांपुरती दुरुस्ती करून घ्यावी लागेल.